वकील कुणाचा?

वडील गेल्यावर तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. चौदाव्या दिवशी आम्ही त्यांचं कपाट उघडलं. बँकेची पासबुकं, फ्लॅटचे कागद, गावच्या जमिनीचा सातबारा. मृत्युपत्र नव्हतं.

पहिला वकील ओळखीतला. म्हणाला, "बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घ्या. नोंदणी झाली की विषय संपला. तिला साडीचोळी करा." ऐकून मला हायसं वाटलं. का वाटलं, याचा विचार मी आजही करतो.

वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं दिला. वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाच्या बरोबरीनं २००५ च्या दुरुस्तीनं आणलं. म्हणजे फ्लॅटमध्ये आई, बहीण आणि मी, तिघांचे समान वाटे. स्वखुशीनं हक्क सोडायलाही कायदा आडवा येत नाही. पण 'नाही' म्हटलं तर माहेर तुटेल, या भीतीनं केलेली सही स्वखुशीची म्हणायची का?

दुसऱ्या वकीलबाईंनी कागद बाजूला ठेवून विचारलं, "बहिणीशी बोललात का? मी तुमची वकील झाले, तर त्यांची नसेन. त्यांना त्यांचा सल्ला घेऊ द्या." बँकेच्या ठेवींवर माझं नामांकन होतं. त्यावर त्या म्हणाल्या, "पैसे तुमच्या हाती येतील, पण ते सगळ्या वारसांचे. तुम्ही सांभाळणारे." फी त्यांनी कामाची सांगितली, मिळकतीच्या टक्क्यांत नव्हे. मिळकतीत वाटा ठरवायला वकिलांच्या नियमांतच मनाई आहे.

वकील आपण ज्ञानासाठी निवडतो, असं म्हणतो. मी मात्र पहिल्याकडे गेलो होतो ते माझ्या मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला. 'घरातलं घरात मिटवू' यातही तेच असतं: घर शाबूत राहतं आणि त्याची किंमत बहुधा एकच जण मोजतं. परका माणूस अशा वेळी उपयोगी पडतो, कारण जो समोर बसलेला नाही त्याचीही तो आठवण करून देतो. मी निवड करताना एवढंच पाहायला हवं होतं.

त्या रात्री मी बहिणीला फोन केला. तिचा वाटा किती, हे आकड्यांत सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा, मला विचार करायला वेळ दे."

थेट सहीलाच बोलावलं असतं, तर तो वेळ तिला मागता आला नसता.