‘दॅट’च्या अलीकडे थोडा वेळ

आज मननाला एक इंग्रजी वाक्य घेऊ. दार उघडल्यावर समोर उभ्या माणसाला सहज म्हणावं, इतकं घरगुती: आय ॲम ग्लॅड दॅट यू केम.

निवांत बसा. वही नको, पेन नको. व्याकरणाची धास्ती तर अजिबात नको. शेवटी कुणी रिकाम्या जागा भरायला लावणार नाही. वाक्य एकदा मनातल्या मनात म्हणा. मग पुन्हा म्हणा, पण या वेळी ‘ग्लॅड’पाशी थांबा. आय ॲम ग्लॅड. पुढे जाऊ नका.

आत्तापर्यंत काय कळलं? बोलणारा खूश आहे. कशामुळे, ते यायचंय. ऐकणाऱ्याच्या हाती नुसता एक रंग आलाय, चित्र अजून आलेलं नाही. हा क्षण जेमतेम श्वासाएवढा असतो, आणि रोजच्या बोलण्यात तो इतक्या वेळा येऊन जातो की कुणी त्याच्याकडे वळूनही बघत नाही. आपण बघू.

आता तेच मराठीत म्हणा. तू आलास हे बरं झालं. इथे आधी माणूस आला आणि मग बरं झालं. बरेच दिवस मी यावर एक सिद्धांत मिरवत होतो: इंग्रज आधी मन सांगतो आणि मग घडलेलं, आपण आधी घडलेलं सांगतो आणि मग मन. ऐकायला छान वाटायचं. मग एका दुपारी घरी गेलो, आई दारातूनच म्हणाली, “बरं झालं आलास,” आणि सिद्धांत तिथेच चपलांपाशी राहिला. तिनं ‘बरं’ आधी म्हटलं, घडलेलं नंतर, आणि मधे ‘की’सुद्धा घातला नाही.

मग फरक कुठे आहे? पुन्हा सावकाश ऐका. आईच्या वाक्यात ‘मी’ नाही. बरं झालं, कुणाचं, ते सांगायची गरज नाही. आपल्याकडे आनंद होतो, भीती वाटते, वाईट वाटतं, खात्री असते. आणि हे सगळं ‘मला’. भावना बाहेरून येते, आपल्यापाशी बसते, जाते. इंग्रजीत ‘आय’ स्वतःच ग्लॅड असतो, अफ्रेड असतो, शुअर असतो. विशेषण थेट माणसाला लागतं, जसं भिंतीला पांढरी म्हणावं. आणि अशी ‘पांढरी’ झालेली व्यक्ती मग ‘दॅट’मधून बाहेरच्या जगाकडे बोट दाखवते. डब केलेल्या मालिकांमध्ये ‘मी आनंदी आहे की तू आलास’ असं कुणी म्हणतं तेव्हा कानाला खडा लागतो, तो याचमुळे. शब्द सगळे मराठी, पण उभं राहण्याची पद्धत दुसऱ्या घरची.

बोट दाखवते असं म्हटलं, ते नुसतं बोलण्यापुरतं नाही. हा ‘दॅट’ मुळात ‘ते’ आहे. जुन्या इंग्रजीतही दाखवायला आणि जोडायला हा एकच शब्द होता. ओटो येस्पर्सन या भाषाशास्त्रज्ञानं या जोडणीचा उगम असा उलगडून दाखवला, की आधी दोन सुटी वाक्यं असावीत: मला ते ठाऊक आहे, तो आला. ‘ते’ पहिल्या वाक्याचं होतं, पुढच्याकडे हात करत उभं होतं. हळूहळू ते सरकलं आणि दुसऱ्याच्या दारात जाऊन बसलं. आपल्या ‘तू आलास हे बरं झालं’मधलं ‘हे’ अजून तेच काम करतं, फक्त मागे वळून.

एक छोटा प्रयोग. ‘आय नो दॅट’ म्हणा, म्हणजे ‘मला ते ठाऊक आहे’. इथे ‘दॅट’ भरघोस उच्चारला जातो, तोंड पुरतं उघडून. आता ‘आय ॲम ग्लॅड दॅट यू केम’ एखादा इंग्रज म्हणेल तसं म्हणायचा प्रयत्न करा. तो ‘दॅट’ आक्रसतो. ‘द’ आणि ‘ट’ यांच्यामध्ये पुसटसा ‘अ’ उरतो. बोट दाखवणारा हात खाली आलाय. आपण शाळेत दोन्हीकडे सारखाच खणखणीत ‘दॅट’ शिकलो, म्हणून आपलं इंग्रजी थोडं ठासून सांगितल्यासारखं वाटतं. वाटू दे.

आता विशेषणांकडे या. घाई नाही, एकेक हातात घ्या.

‘ग्लॅड’ जुन्या इंग्रजीत चमकणाऱ्या, उजळ गोष्टीलाही म्हणत. ‘सॉरी’चं नातं ‘सॉरो’शी असेल असं सगळ्यांना वाटतं, पण ते आहे ‘सोअर’शी, दुखऱ्या जागेशी. आय ॲम सॉरी दॅट यू मिस्ड इट: तुझं हुकलं याचा मला सल आहे. बसमध्ये धक्का लागल्यावर आपण पुटपुटतो त्या सॉरीत एवढी जखम असेल, असं कधी वाटलं होतं? ‘शुअर’ फ्रेंचमार्गे लॅटिनच्या ‘सेकुरुस’पासून आला. ‘से’ म्हणजे विना, ‘कुरा’ म्हणजे काळजी. आपला ‘निश्चिंत’ अगदी असाच घडलाय. चिंता गेली की जे उरतं ते. या शब्दापाशी मी नेहमी जरा जास्त रेंगाळतो. खात्री म्हणजे ज्ञान नव्हे, काळजीचा अभाव, असं दोन भाषांनी एकमेकींना न विचारता ठरवलं.

पण मग हे बघा. ‘ही विल कम’ आणि ‘आय ॲम शुअर ही विल कम’. दोन्ही वाक्यं सावकाश म्हणा आणि मनाला विचारा, कुठल्या वाक्यातला माणूस नक्की येणार? पहिल्या. खात्रीचा शब्द आला आणि खात्री कमी झाली. मायकेल हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञानं हे नेमकं हेरलं होतं: खात्री नसते तेव्हाच आपण खात्री आहे असं सांगतो. रात्री साडेअकराला मुलगा घरी आलेला नसताना आजोबा म्हणतात, “येईल, मला खात्री आहे.” त्या वाक्यात काळजी किती आहे, ते घरातल्या प्रत्येकाला ऐकू येतं. ‘कुरा’ गेलेली नसते. तिला दाराबाहेर उभं केलेलं असतं.

‘अफ्रेड’ची गोष्ट याहून मजेची. हा ‘अफ्रे’ या क्रियापदातून आला. त्याचा अर्थ दचकवणं, घाबरवणं. नोकरीच्या शोधात असताना एका कार्यालयात फोन केला होता. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “आय ॲम अफ्रेड द पोझिशन हॅज बीन फिल्ड.” जागा भरली, हे कळलं. पण यात यांना घाबरण्यासारखं काय झालं, हे मला संध्याकाळपर्यंत कळेना. भीती मला वाटायला हवी होती. पुढे लक्षात आलं की इथे भीती झिजून सभ्यता झाली आहे. वाईट बातमीच्या अलीकडे ठेवलेली ती एक उशी आहे. बोलणारा आधी सूर खाली आणतो, म्हणजे ऐकणारा सावरून बसतो. ‘ग्लॅड’पाशी आपण थांबलो होतो, तोच क्षण, फक्त इथे रंग वेगळा.

सगळ्याच विशेषणांना हे जमत नाही. ‘आय ॲम हंग्री’ म्हणता येतं, पण त्याला ‘दॅट यू केम’ जोडा बरं. बसत नाही. ‘सो हंग्री दॅट’ चालतं, पण तिथे तो ‘दॅट’ त्या ‘सो’नं ओढून आणलेला असतो. उंच, दमलेला, तहानलेला यांच्यापुढेही हे दार उघडत नाही. का, यावर थोडं रेंगाळा. भुकेला अन्न लागतं, वाक्य लागत नाही. आनंदाला, भीतीला, खात्रीला मात्र काहीतरी घडलेलं किंवा घडणारं लागतं, पुरतं वाक्यभर. मनाच्या काही अवस्था पोटातच संपतात, काहींना जग लागतं. व्याकरणानं ही वाटणी गुपचूप करून ठेवली आहे.

आणखी एक पाऊल. या वाक्यातून ‘आय’ काढून टाका. इट इज ऑड दॅट द डोअर इज ओपन. इट इज पॉसिबल दॅट द डोअर इज ओपन. विशेषण आता कुणा माणसाला लागलेलं नाही, ‘इट’ नावाच्या रिकाम्या खुर्चीला लागलंय. बातम्यांत, निकालपत्रांत, विद्वानांच्या लेखांत अशी वाक्यं पुष्कळ. ‘इट इज क्लिअर दॅट’ म्हटलं की कुणाला क्लिअर, हा प्रश्न उरतच नाही. मला ही युक्ती फारशी आवडत नाही. मत आपलं आणि सही खुर्चीची.

तरी त्या दोन दारांत एक गंमत आहे. दोन्हींत ‘नॉट’ घालून बघा. दार उघडं आहे हे विचित्र नाही, असं म्हटलं तरी दार उघडंच राहतं. शक्य नाही असं म्हटलं की दार बंद. पॉल आणि कॅरल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञांनी 1970 साली हा भेद मांडला: काही शब्द पुढची गोष्ट घडलेली धरूनच चालतात, काही नाही. मराठी हा भेद उघडच दाखवते. ‘दार उघडं आहे हे विचित्र आहे’ सरळ उतरतं. ‘दार उघडं आहे हे शक्य आहे’ मात्र खडबडतं. आपण ‘उघडं असणं शक्य आहे’ म्हणतो किंवा नुसतं ‘उघडं असेल’. ‘हे’ म्हणायला समोर काहीतरी असावं लागतं.

परत पहिल्या वाक्याकडे या. श्वास तसाच सावकाश राहू द्या. लिहिताना, विशेषतः विद्वत्तेच्या लिखाणात, ‘दॅट’ टिकतो. बोलताना तो बहुतेक वेळा गळतो. आय ॲम ग्लॅड यू केम. आय ॲम शुअर इट्स फाइन. जिभेवर रुळलेल्या विशेषणांना पुढचं वाक्य नुसतं टेकवलेलं असतं, मधे काही नाही. कधी विशेषण मागेच जातं: ही इज आउट, आय ॲम अफ्रेड. तेव्हा ‘दॅट’ घालायला जागाच उरत नाही.

आता दारात उभे राहा. समोर कुणीतरी आलंय, हातात पिशवी, केस भिजलेले. इंग्रजीत म्हणून बघा, ‘दॅट’ न घालता. मग मराठीत.

बरं झालं आलास.