त्यागातला दुसरा वाटा

२९ ऑगस्ट १८८२. लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडला जिंकायला ८५ धावा हव्या होत्या आणि डाव ७७ वर आटोपला. चार्ल्स थॉमस स्टड शून्यावर नाबाद राहिला; त्याच्या वाट्याला एकही चेंडू आला नाही. ऑस्ट्रेलियाच्या याच संघाविरुद्ध त्या मोसमात त्याने दोन शतकं काढली होती, तरी कर्णधार हॉर्न्बीने त्याला दहाव्या क्रमांकापर्यंत मागे ठेवलं. ‘ॲशेस’ची कथा सुरू झाली ती या पराभवातून.

स्टडचं घरच क्रिकेटचं. सहा भाऊ प्रथम श्रेणीचे सामने खेळले. जॉर्ज, चार्ल्स आणि कायनॅस्टन हे तिघे १८८२ ते १८८४ अशी लागोपाठ तीन वर्षं केंब्रिज विद्यापीठाचे कर्णधार होते. चार्ल्स हौशी खेळाडू. खेळण्याचा मोबदला घेणं त्याच्या वर्गाला कमीपणाचं वाटे. हे परवडत होतं ते बिहारमधल्या तिरहुतमुळे. वडील एडवर्ड स्टड यांनी तिथे निळीच्या मळ्यांवर अमाप पैसा कमावला होता.

मग जॉर्ज गंभीर आजारी पडला. भावाच्या उशाशी बसलेल्या चार्ल्सला प्रश्न पडला, की या घटकेला धावा आणि नावलौकिक यांची किंमत किती? फेब्रुवारी १८८५ मध्ये, ऐन उमेदीत, तो मिशनरी म्हणून चीनला निघून गेला. क्रिकेट खेळल्याचा त्याला पस्तावा नव्हता; क्रिकेटला दैवत केल्याचा होता.

वयाच्या पंचविशीत वडिलोपार्जित वाटा हाती आला, सुमारे २९,००० पौंड. तो त्याने वाटून टाकला. ब्रिस्टलमध्ये अनाथालयं चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांना ५,००० आणि मुक्तिफौजेच्या भारतातल्या कामाला ५,००० पौंड दिले. हे काम सुरू झालं होतं मुंबईत, ओव्हलच्या सामन्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी. १८८८ मध्ये लग्नाच्या वेळी उरलेले ३,४०० पौंड त्याने वधू प्रिसिलापुढे ठेवले. येशूने श्रीमंत तरुणाला सर्वस्व विकायला सांगितलं होतं, याची तिने त्याला आठवण करून दिली. तेही गेले.

देणाऱ्याचं मन निर्मळ होतं, यात शंका नाही. पण पैसा? निळीमागे रयतेवरची सक्ती होती, कर्ज होतं, पडेल भाव होता. या पैशातला काही भाग दानाच्या रूपाने भारतात परतला खरा, पण ज्याच्या शेतात नीळ पिकली त्याच्या हाती तो पडला नाही. मिळकतीचा मोह सोडणं आणि मिळकतीचं ऋण फेडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टडने पहिली अतुलनीय धैर्याने केली.

दुसरा प्रश्न याहून जवळचा, घरातलाच. चीनहून केव्हाच परतलेला स्टड १९१३ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, मिशनच्या कामासाठी बेल्जियन काँगोला गेला. प्रिसिला आजारी होती. ती इंग्लंडमध्येच राहिली. १९१६ मध्ये तो थोडे दिवस घरी येऊन गेला आणि पुन्हा कधीच परतला नाही. ज्याच्याकडे सोडण्यासारखं काही आहे, त्याने ते सोडावं. पण बायकोचा सहवास हा त्याच्या एकट्याच्या मालकीचा होता का? तिच्या संमतीशिवाय हे घडलं असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. लंडनहून मिशनचा गाडा तिनेच ओढला. तरीही संमती दिली म्हणून किंमत कमी होत नाही.

कायनॅस्टनचीही श्रद्धा तीच, वाट मात्र निराळी. तो लंडनमध्ये राहिला, रीजंट स्ट्रीटच्या पॉलिटेक्निकमध्ये कष्टकरी तरुणांसाठी आयुष्यभर खपला आणि पुढे शहराचा लॉर्ड मेयर झाला. त्याचा परमार्थ प्रपंचात राहूनच झाला. मिशनच्या इतिहासात त्याच्या भावाला मोठं पान मिळतं, पण कायनॅस्टनची सेवा काडीमात्र उणी नव्हती.

चार्ल्स स्टड १६ जुलै १९३१ रोजी काँगोतल्या इबांबीत वारला. प्रिसिला तिथे एकदाच गेली होती, १९२८ मध्ये, जेमतेम पंधरवडाभर. पुढच्याच वर्षी ती वारली. स्टडच्या त्यागाचा हिशेब मांडताना त्यातला निम्मा वाटा तिच्या नावावर लिहायला हवा.