कापलेले सोळा सेकंद

ऑगस्ट 2025 मधला बंदिपूरच्या रस्त्यावरचा तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. सेल्फीसाठी गाडीतून उतरलेला एक माणूस, त्याच्यामागे धावणारा हत्ती. माणूस पडतो, हत्ती त्याला तुडवून निघून जातो, आणि या गडबडीत त्याची पँट निघते. माणूस वाचला. वनखात्याने 25,000 रुपये दंड केला. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर हे सकाळी सहाला आलं आणि साडेसहाला मी खाली लिहून मोकळा झालो, 'बरी अद्दल घडली.' पुढे हसणारे तीन चेहरे. बऱ्याच जणांनी अंगठे दिले. चहा जरा जास्तच गोड लागला.

दुपारी मुलीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, तो व्हिडिओ पाहिलात? आपलं आठवलं." एवढंच. पुढे ती कुठल्याशा परीक्षेबद्दल बोलत राहिली. मी हं हं करत होतो.

आपलं म्हणजे मे 2017. मैसूरहून उटीला निघालो होतो. गुंडलुपेटला डझनभर केळी घेतली. बंदिपूर सुरू झालं तसे फलक दिसायला लागले. थांबू नका, खाली उतरू नका, प्राण्यांना खायला घालू नका. तेव्हा सातवीत असलेल्या मुलीला मी ते मोठ्यानं वाचायला लावले. हा रस्ता 2009 पासून रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, रात्रीचं जंगल जनावरांचं, असं वर समजावूनही सांगितलं. बाप म्हणून मी त्या क्षणी किती शोभत होतो! दिवसाचं जंगल कोणाचं, हे तिनं विचारलं नाही. मलाही सुचलं नाही.

पुढे अर्ध्या तासात डावीकडे हत्तीण दिसली, पायाशी पिल्लू. दोघं रस्त्याच्या कडेला उभी होती. कशासाठी? रस्ता ओलांडायला, दुसरं काय. हे आज कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की उजेड चांगला आहे आणि मध्ये झाड नाही.

"थांबव," मी म्हणालो.

"सर, इधर रुकने का नहीं," ड्रायव्हर म्हणाला.

"दो मिनट, भाई."

तो थांबला. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर, गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा नाही म्हणायची त्याची ऐपत नव्हती, आणि ते मला ठाऊक होतं. आम्ही थांबलो म्हणून मागच्या दोन गाड्या थांबल्या. रस्ता भरला. मी काच खाली केली, एका हातात फोनवर व्हिडिओ चालूच होता, दुसऱ्या हातानं केळं फेकलं. पिल्लू दोन पावलं पुढे आलं. तेवढ्यात आई वळली. कान सुपांसारखे पसरले, सोंड वर, धूळ उडवत ती आली आणि दहा-बारा पावलांवर थबकली. ड्रायव्हरनं गाडी दामटली.

'हत्ती अंगावर आला होता' ही माझी गोष्ट आठ वर्षं चालली. लग्नात, सहलीत, ऑफिसच्या डब्याच्या वेळी. प्रत्येक खेपेला दहा पावलांतलं एखादं पाऊल मी कमी करत गेलो. हल्ली ती सोंड बॉनेटला लागायचीच बाकी राहिली होती.

नंतर वाचण्यात आलं की कान पसरून, गाजावाजा करत येणारा हत्ती बहुतेक वेळा बजावायला येतो. खरा धावून येणारा कान मागे घेतो, सोंड आत वळवतो. म्हणजे मी ज्याला हल्ला म्हणत मिरवलं, ती ताकीद होती. हत्तीण तेच सांगत होती जे ड्रायव्हरनं सांगितलं होतं. ड्रायव्हरचं मी ऐकलं नव्हतं. तिचं ऐकावं लागलं, कारण ती तीन टनांच्या घरातली होती.

गोष्टीचा पुढचा भाग मी कधीच सांगितला नाही. पुढच्या नाक्यावर वनरक्षकानं गाडी अडवली. मागच्या गाडीतल्या कुणीतरी सांगितलं असावं. ड्रायव्हर खाली उतरला. बोलणं कन्नडमध्ये झालं. मला कन्नड येत नाही, पण हात कळतात, आणि त्याचा हात एकदाही मागच्या सीटकडे झाला नाही. एक हजाराची पावती त्याच्या नावानं फाटली. त्या वेळात मी काय करत होतो? फोनवर व्हिडिओ कसा आलाय ते पाहत होतो. खरं तर पाहतही नव्हतो. मान खाली घालायला काहीतरी हवं होतं. उटीला उतरताना मी त्याला पाचशे जास्त दिले. माझ्या दंडातले निम्मे! आणि खोलीत शिरताना आपण दिलदार आहोत असं वाटत होतं.

मुलीच्या फोननंतर मी आमचा तेव्हाचा मूळ व्हिडिओ शोधला. तो 47 सेकंदांचा आहे. सगळ्यांना पाठवलेला 31 चा. कापलेल्या सोळांमध्ये ड्रायव्हरचं 'रुकने का नहीं' आहे, माझं 'दो मिनट' आहे आणि केळं फेकणारा हात आहे. लांबत होता म्हणून कापला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं असणार. पण लांबत होता तर नेमका तिथंच का कापला? चूक कळत नव्हती म्हणावं, तर कात्री इतकी अचूक कशी चालली?

एका केळ्यानं काय होतं, हा युक्तिवादही करून पाहिला. पण आपल्याआधी आणि नंतर किती जणांनी एकेकच फेकलं असेल? उटीच्या वाटेवरच्या मसिनगुडीच्या बाजूला रिवाल्डो नावानं ओळखला जाणारा एक हत्ती होता. माणसांनी वर्षानुवर्षं खाऊ घालून त्याला वस्तीची सवय लावली. मग त्याची वस्तीतली ये-जा धोक्याची ठरली. मे 2021 मध्ये त्याला पकडून लाकडी ओंडक्यांच्या कोंडवाड्यात ठेवलं, ऑगस्टमध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घालून जंगलात सोडलं. तो पुन्हा आपल्या जुन्या मुलखात परतला. लळा लावणारे आपण, आणि कोंडवाडा त्याला. केळं फेकताना मला प्रेम वाटत होतं, हे खोटं नाही. पण ते प्रेम हत्तीनं फोनकडे तोंड करावं म्हणून होतं का? या प्रश्नाला मी अजून सरळ उत्तर दिलेलं नाही.

त्याच सहलीत आम्ही दोन रात्री सिगूरच्या पठारावर एका रिसॉर्टमध्ये राहिलो. हत्ती अंगणातून जातात, असं बुकिंगच्या वेळी सांगितलं होतं. ते ऐकूनच मी खोली घेतली. हत्ती अंगणातून जातात की अंगण हत्तींच्या वाटेत आलंय, हा फरक तेव्हा डोक्यात आला नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या हत्तींच्या भ्रमणमार्गातल्या रिसॉर्टना टाळं लावायला सांगितलं आणि ऑक्टोबर 2020 मध्ये तो मार्ग हत्तींचाच, असा निकाल दिला. जानेवारी 2021 मध्ये मसिनगुडीत वस्तीजवळ आलेल्या एका हत्तीवर जळता टायर फेकला गेला. हत्ती मेला. त्या दिवशी मी संतापून फेसबुकवर लांबलचक लिहिलं. माणूस किती क्रूर, वगैरे. माझ्या दोन रात्रींचा त्यात उल्लेख नव्हता.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माझा मावसभाऊ सिंधुदुर्गातल्या दोडामार्गचा. तिकडे 2002 च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती आले. त्याचे माड, केळी, सुपारी दोनदा लोळवलेली. मी त्याला ऐकवलं होतं, "अरे, त्यांच्या वाटेवर आपणच बसलोय." तो शांतपणे म्हणाला, "तुमी पैशे भरून हत्ती बघूक जातास. आमच्या हय तो फुकट येता." मला तो विनोद वाटला. एप्रिल 2025 मध्ये त्याच तालुक्यात मोर्ल्याला काजूच्या बागेत गेलेला एक म्हातारा शेतकरी हत्तीनं मारला, तेव्हा मी मावसभावाला फोन करायला हवा होता. केला नाही. काय बोलणार होतो? त्याच्या दारात येणाऱ्या हत्तीबद्दल मला तत्त्वज्ञान सुचत होतं आणि मी ज्याच्या दारात गेलो होतो, त्या हत्तीबद्दल गोष्ट.

मग हत्ती पाहायला जाऊच नये का? तसं म्हणायलाही जीभ रेटत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात ओंकार नावाचा एक टस्कर सिंधुदुर्गातून गोव्यात उतरला, तेव्हा त्याच्यामागे गर्दी लोटत होती. त्या गर्दीला नावं ठेवताना गुगल मॅपवर मी अंतर पाहत होतो. पाहण्याची ओढ मेलेली नाही, आणि ती मरावी असंही वाटत नाही. ज्या मुलीनं फलक वाचले, तिच्या मनात हत्ती राहिला तो पाहिल्यामुळेच. गफलत बहुधा त्या 'दो मिनट'मध्ये असावी. ती दोन मिनिटं माझी नव्हती. हत्तिणीची होती, पिल्लाची होती, ड्रायव्हरची होती. मी ती मागितलीसुद्धा नाही, घेतली. चालत्या गाडीतून दिसली तेवढी हत्तीण मला पुरली असती का? पुरायला शिकता येतं का? या वयात?

ग्रुपवरची ती ओळ मी खोडली. खोडली हे कुणाला कळलं नाही, याचंही बरं वाटलं. नोंद असावी.

दिवाळीत सगळे जमले तेव्हा भाच्यानं फर्माईश केली, "मामा, हत्तीची गोष्ट." या वेळी मी दहा-बारा पावलं म्हटलं. केळं सांगितलं. 'दो मिनट'ही सांगितलं. ऐकणाऱ्यांचा रस कमी होत गेला, ते जाणवत होतं. मग नाक्यापर्यंत आलो. मुलगी माझ्याकडे पाहत होती. वनरक्षक, पावती, तो हजार रुपयांचा आकडा अगदी जिभेवर होता.

मी म्हणालो, "आणि मग आम्ही उटीला पोचलो."