विसंबण्याची मुभा

मराठीत ‘विसंबणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. भिस्त ठेवणे हा आजचा, आणि विसरणे, नजरेआड होऊ देणे हा जुना. ‘क्षणभरही न विसंबता’ असं म्हणताना आपण तो जुना अर्थच वापरत असतो. अनुवाद करताना मी या शब्दापाशी नेहमी थांबते, कारण हिंदीत किंवा इंग्रजीत नेताना त्याचे दोन तुकडे करावे लागतात. मराठीने ते एकत्र ठेवले, त्यात एक शहाणपण आहे: ज्याच्यावर पक्की भिस्त असते, त्याचा विसर पडू देता येतो. नळ सोडताना धरण आठवावं लागत नाही. प्रश्न एवढाच, की हे विसरणं कोणाला परवडतं?

माझी आतेबहीण अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, एका खेड्यात राहते. तिथे गॅसची पाइपलाइन नाही. घरामागे प्रोपेनची मोठी टाकी आहे आणि हिवाळाभर घर तिच्यावर उबदार राहतं. आपल्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण असतं. पण शून्य अंशाच्या आसपास ब्यूटेनचा वायू होणं थांबतं, प्रोपेनचा मात्र उणे ४२ अंशांपर्यंत होत राहतो. म्हणून त्या थंडीत प्रोपेनच लागतो. टाकी ८० टक्क्यांपर्यंतच भरतात, कारण उष्णतेने आतला द्रव प्रसरण पावतो. काटा फार खाली येण्याआधी टँकर यायचा, असं पुरवठादाराशी ठरलेलं आहे. म्हणजे तिला विसंबता येतं. तरीही तिच्या बैठकीत लाकडाची शेगडी आहे आणि पडवीत सरपण रचलेलं आहे. वीज गेली की घर तापवणारं प्रोपेनचं यंत्रही बंद पडतं, कारण गरम हवा खेळवणारा पंखा विजेवर चालतो. रस्ता बर्फाने अडला तर टँकर येत नाही.

शिवाय टंचाईचं कारण घरापासून फार लांब असू शकतं. २०१३ च्या शरदात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात मका ओला निघाला आणि तो वाळवण्यात भरपूर प्रोपेन खर्ची पडला. पाठोपाठ कडाक्याची थंडी आली. जानेवारी २०१४ मध्ये अनेक राज्यांत तुटवडा पडला, भाव भडकले. कुडकुडणाऱ्या घरांना त्या ओल्या मक्याचा पत्ताही नसेल. आतेबहिणीच्या सरपणाला म्हणूनच कोणी मागासलेपण म्हणत नाही. ती दूरदृष्टी ठरते.

मी राहते त्या भिलाईत थंडी एवढी नसते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. पण पत्र्याखाली बाळंतीण असेल तर तेवढी थंडी पुरते. छत्तीसगडी घरात अशा वेळी गोरसी पेटते: मातीचं भांडं आणि त्यात गोवऱ्यांचे निखारे. आपल्या बाळंतिणीच्या शेक-शेगडीची ही सख्खी बहीण. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या घरी गॅस आहे, उज्ज्वला योजनेतला. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या या योजनेने कोट्यवधी घरांत पहिल्यांदा गॅस पोचवला. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरले आहेत असं कोणीही तिला कमी लेखणार नाही. पण मावशींकडे १४.२ किलोचा एकच सिलिंडर आहे. माझ्या ओट्याशी दोन. एक संपला की मी दुसरा लावते आणि विसरते. त्यांचा संपला की पैसे जमेपर्यंत आणि गाडी येईपर्यंत चूल. म्हणून लेकीच्या बाळंतपणात त्यांनी गॅस रात्री-अपरात्री पाणी तापवण्यापुरता जपला आणि ऊब गोरसीवर सोपवली.

‘गॅस दिला तरी या बायका चूल सोडत नाहीत,’ असं सुशिक्षित घरांत ऐकू येतं. मला हे वाचन चुकीचं वाटतं. परसातला गोवऱ्यांचा ढीग हा मावशींचा दुसरा सिलिंडर आहे. व्हरमाँटचं सरपण आणि भिलाईच्या गोवऱ्या यांत तत्त्वाचा फरक नाही. फरक धुराड्याचा आहे. तिथला धूर घराबाहेर जातो, इथला बाळाच्या छातीत.

म्हणून गोरसीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. जुनं इंधन स्वावलंबी होतं, हाही भ्रमच. शेण थापणारे, सरपण वाहणारे हात बहुतेक बायकांचेच होते. सारं घर त्यांच्यावर विसंबून होतं, शब्दाच्या दोन्ही अर्थांनी.

अवलंबून असण्यात कमीपणा नाही. आपली भाषा ‘परावलंबी’ला नावं ठेवते खरी, पण ‘निराधार’ हा शब्द तिला त्याहून दुःखाचा वाटतो. नैतिक प्रश्न दुसऱ्या बाजूचा आहे: एखाद्याला जुना आधार सोडायला सांगणाऱ्याने काय देणं लागतं? आमच्या गावच्या पोलाद कारखान्यात १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. अशा कारखान्यांतल्या कोकच्या भट्ट्या एकदा तापवल्या की वर्षानुवर्षं थंड होऊ देत नाहीत, कारण थंड झाल्या तर आतल्या विटांना तडे जातात. वीट उष्णतेवाचून टिकेनाशी आपणच केलेली असते, म्हणून तिला ती अखंड मिळावी याची तजवीजही आपणच करतो.

माणसाला चूल सोडायला सांगणं हेही तसंच वचन आहे. ते सोपं नाही. भारतात लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून अधिक परदेशांतून, मुख्यतः आखातातून येतो. तिथला गोंधळ इथल्या चुलीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. अशा वेळी माझ्या घरात दुसरा सिलिंडर असतो, मावशींच्या घरात गोवऱ्या. त्या गोवऱ्या हटवायच्या असतील तर आधी दुसरा सिलिंडर पोचायला हवा, आणि तो भरायला लागणारे पैसेही. तोवर त्यांच्या परसातला ढीग हा अडाणीपणा नाही. आपण दिलेल्या वचनावर त्यांनी अजून विसंबू नये, असं त्यांना अनुभवाने शिकवलं आहे.