सात सीटची गाडी

आपल्या पैशानं आपण गाडी बदलली तर त्यात दुसऱ्यानं बोलण्यासारखं काय आहे? सरळ बघितलं तर काहीच नाही. पैसा चोरीचा नाही, कर भरलेला आहे, हप्ता स्वतःच्या पगारातून जातो. तरीपण आमच्या मुलुंडच्या पुतण्यानं चांगली चालती एक्सयूव्ही ५०० देऊन मर्सिडीजची जीएलए घेतली, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. खुरपताना, पाणी धरताना, तोच विचार. आमच्यात म्हणतात, रिकाम्या डोक्याला दुसऱ्याच्या गाडीचा घोर.

पहिल्यांदा पैशाचं बोलून घेऊ, कारण गावात सगळे तेच बोलले. ५० लाखांच्या आसपासची गाडी. आपल्या राज्यात २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रस्ता कर आहे, म्हणजे नुसता कर साडेसहा लाख झाला. तेवढ्यात आमच्याकडं लहान ट्रॅक्टर दारात उभा राहतो. पण हा हिशेब मला फारसा पटत नाही. त्यानं गाडी घेतली नसती म्हणून माझ्या दारात ट्रॅक्टर येणार होता का? २०१० साली औरंगाबादच्या लोकांनी मिळून एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींच्या. त्यांना ७ टक्क्यांच्या आसपास व्याजानं कर्ज मिळालं, आणि त्याच भागात ट्रॅक्टरला १२ टक्क्यांच्या पुढं व्याज होतं. राग यायचा तर तो तिथं यावा, कर्ज देणाऱ्याच्या तराजूवर. पोराच्या हौसेवर कशाला?

आणि परदेशी परदेशी म्हणून नाक मुरडायचं तर तेही जमत नाही. एक्सयूव्ही ५०० चाकणला तयार व्हायची आणि जीएलएसुद्धा चाकणलाच जोडतात. दोन्ही आमच्या शेजारच्या खेड तालुक्यातल्या, एकाच मातीवरच्या.

पुतण्याची बाजूही ऐकण्यासारखी आहे. त्याचा बाप, माझा थोरला भाऊ, ओतूरकडून मुंबईला गेला आणि मशीद बंदरला माथाडी म्हणून त्यानं जन्म काढला. शंभर-शंभर किलोची गोणी पाठीवर. भांडुपच्या चाळीत एका खोलीत आठ माणसं. पुतण्या म्हणाला, "तात्या, बापानं पाठीवर वाहिलं, मी जरा पाठ टेकून बसलो तर काय बिघडलं?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. मेहनतीच्या पोटी जन्मलेल्यानं जन्मभर कष्टातच दिसलं पाहिजे, ही अपेक्षा बघणाऱ्याची असते. तिच्यात न्याय कमी आणि जळफळाट जास्त.

मी सुखवस्तूपणाबद्दल थोडं बोललो तेव्हा त्यानं मलाच धरलं. "आणि तुमचा शर्यतीचा खोंड?" बरोबर आहे. २०२१ च्या डिसेंबरात कोर्टानं शर्यतींना परवानगी दिली आणि जुन्नर, आंबेगाव, खेडमध्ये घाट पुन्हा भरायला लागले. शर्यतीच्या बैलाला आज लाखांनी किंमत येते. तो बैल आयुष्यात नांगर ओढत नाही. त्याला दूध, अंडी, उडदाचं पीठ, आणि शेजारच्या दावणीला राबणाऱ्या बैलापुढं वाळला कडबा. तेव्हा साधेपणा गावात राहतो आणि चैन मुंबईत, असं कुणी मला सांगू नये. पोळ्याला पुरणपोळी दोघांनाही मिळते, पण पोळा वर्षातून एकदाच येतो.

खोंडाच्या या गोष्टीतच मला माझा प्रश्न सापडला. चैन किती महागाची, हे बाजूला ठेवू. तिच्यासाठी दावणीवरून कुणाला सरकावं लागलं, ते बघू.

जुनी गाडी सात सीटची होती. मागची दोन सीटं तशी नावापुरतीच, गुडघे हनुवटीला लागायचे, पण पोरं तिथं बसायला भांडायची. मुलुंडहून कल्याण, मुरबाड, माळशेज करत ती यात्रेला यायची तेव्हा तिच्यातून सात सांगून नऊ माणसं उतरायची. (पोलिसांनी वाचू नये.) जाताना टपावर कांद्याची गोणी, पायाखाली तांदूळ, कुणाच्या तरी मांडीवर कोथिंबिरीच्या जुड्या. भाऊ आजारी पडला तेव्हा मधलं सीट मागं पाडून त्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेलं. एलबीएस रोडच्या गर्दीत तासतासभर तो तिथं पडून असायचा. उलटी झाली, सीट पुसलं, चालले पुढं. गाडीला कुणी काही म्हणालं नाही आणि भावालाही नाही.

नवी गाडी पाच सीटची. मागं मधोमध बसणाऱ्याच्या पायात बोगदा येतो, म्हणजे खरी चारचीच. नवरा, बायको, दोन पोरं. भरली. घरात माणसं मात्र सहा आहेत. माझी वहिनी आणि तिची विधवा धाकटी बहीण, दोघी तिथंच राहतात. कुणी मुद्दाम त्यांना वगळलं असं नाही. गाडी बघायला गेले तेव्हा रंग बघितला, एअरबॅगा मोजल्या, वरची काच उघडते का ते बघितलं. माणसं मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, एवढंच. पण न ठरवता झालेल्या गोष्टीचा दोष कमी असतो का? मला वाटतं, थोडा कमी असतो. नाहीसा होत नाही.

यंदा यात्रेला चौघं गाडीतून आले, दोघी कल्याणवरून एसटीनं. वहिनी ७७ वर्षांची, पंचाहत्तरीच्या पुढं एसटी फुकट. बहिणीला अर्धं तिकीट. मला वाईट वाटलं आणि मी तसं पुतण्याला बोलणारही होतो. पण वहिनीच आडवी आली. म्हणाली, "भावजी, त्याला काही बोलू नका. मला न्यायला तो तयार होता, पोरांना मांडीवर घेऊ म्हणाला. मीच नको म्हणलं. मागं एकदा बसले होते त्या गाडीत. पांढरी सीटं. सूनबाईनं आधीच हातात पिशवी दिली, घाटात मळमळलं तर म्हणून. अख्खा माळशेज मी ती पिशवी तोंडाशी धरून बसले, आणि झालं तर काहीच नाही. एसटीत कसं, खिडकी उघडायची."

मग तिनं पिशवीतून पोरांसाठी आणलेल्या चिक्क्या काढल्या आणि मला विचारलं, कांदा यंदा किती निघाला.