भाकरी संपल्यावर कोण थांबते?

सामान्य काळातील एकविसावा रविवार (ब वर्ष)
शुभवर्तमान : योहान ६:६०-६९



माणूस देवावर विश्वास का ठेवतो? आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात हा प्रश्न सहसा येत नाही. आईच्या कडेवर बसून आपण देवळात आलो, तिने हात धरून क्रूसाची खूण करायला शिकवले आणि वडिलोपार्जित जमिनीसारखी श्रद्धाही आपल्या नावावर झाली. पण कॉलेजात जाणारी आपली मुले हा प्रश्न विचारतात. देवाने माणसाला निर्माण केले, की घाबरलेल्या माणसाने स्वतःच्या समाधानासाठी देव निर्माण केला? असे एखादा तरुण घरात बोलला की मोठी माणसे त्याच्यावर डोळे वटारतात. बंधुभगिनींनो, त्याला गप्प बसवू नका. त्याचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि आजच्या शुभवर्तमानाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

हा आक्षेप मोठमोठ्या विचारवंतांनी घेतलेला आहे. १८४१ साली लुडविग फॉयरबाख या जर्मन तत्त्वज्ञाने असे मांडले की, माणूस स्वतःमधले जे जे उत्तम ते आकाशात नेऊन बसवतो आणि त्यालाच देव म्हणतो. पुढे १९२७ साली सिग्मंड फ्रॉईड या मानसशास्त्रज्ञाने ‘एका भ्रमाचे भवितव्य’ अशा अर्थाचे नाव असलेले पुस्तक लिहिले. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : लहान मूल घाबरले की बापाला बिलगते. ते मोठे होते, पण पूर, रोगराई आणि मरण यांच्यापुढची त्याची असहायता संपत नाही. म्हणून माणूस स्वर्गात एक मोठा बाप कल्पितो. मात्र फ्रॉईडने एक गोष्ट कबूल केली होती, ती आपण लक्षात ठेवावी. भ्रम म्हणजे खोटेच असते असे तो म्हणाला नाही. इच्छेपोटी जन्मलेली समजूत म्हणजे भ्रम, अशी त्याची व्याख्या होती. भूक लागते म्हणून भाकरी खोटी ठरत नाही, एवढे तर आपल्यालाही कळते.

तरीही या आक्षेपात सत्याचा अंश आहे, हे आपण मान्य करू या. बोर्डाचा निकाल जवळ आला, घरात कुणाचे ऑपरेशन ठरले, मुलाचा आखातातला व्हिसा अडकला की आपल्या मेणबत्त्या वाढतात. नोव्हेनाला गर्दी होते. काम झाले की गर्दी ओसरते. यात लाजण्यासारखे काही नाही. गरज घेऊन आलेल्या कुणालाही प्रभू येशूने हाकलून लावले नाही. आंधळा बार्तिमय गरजेपोटीच ओरडला होता. गरज हे देवाच्या घराचे दार आहे. पण दारातच मुक्काम करायचा की आत यायचे, हा खरा प्रश्न आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय नेमका हाच प्रश्न विचारतो. गेले काही रविवार आपण तो ऐकत आहोत. पाच भाकरी आणि दोन मासळ्या यांनी पाच हजार पुरुष तृप्त झाले. लोक इतके खूश झाले की ते येशूला राजा करायला निघाले. दुसऱ्या दिवशी ते त्याला शोधत कफर्णहूमला पोहोचले. तेव्हा प्रभूने त्यांना स्पष्ट सांगितले की, भाकरी खाऊन पोट भरले म्हणून तुम्ही मला शोधत आहात. मग तो स्वतःच्या शरीराविषयी आणि रक्ताविषयी बोलू लागला. लोकांना ते बोलणे जड गेले. पुष्कळ शिष्यांनी त्याची संगत सोडली. येशूने कुणालाही हात धरून थांबवले नाही. उलट बारा जणांना त्याने विचारले, तुम्हालाही जायचे आहे काय? त्यावर पेत्राचे उत्तर ऐका. आम्हाला सगळे समजले असे तो म्हणत नाही. तुझ्याजवळ आम्हाला फार बरे वाटते असेही म्हणत नाही. तुला सोडून जावे असा दुसरा कुणी नाही, सार्वकालिक जीवनाची वचने तुझ्याजवळच आहेत, असा त्याच्या बोलण्याचा भाव आहे. भाकरी संपली, तरी तो थांबला.

आता फ्रॉईडच्या आक्षेपाकडे पुन्हा वळू. श्रद्धा ही केवळ दिलाशासाठी असेल, तर दिलासा थांबला की श्रद्धाही थांबायला हवी. आपल्याच देशात राहिलेल्या एका स्त्रीच्या आयुष्यात ही कसोटी लागली. ५ सप्टेंबरला आपण जिचा सण साजरा करतो, ती कोलकात्याची संत तेरेसा, आपल्या मदर तेरेसा.

२६ ऑगस्ट १९१० रोजी स्कोप्ये शहरात जन्मलेली ही मुलगी १९२९ साली लोरेटो संघाची उमेदवार म्हणून भारतात आली आणि पुढे कोलकात्यात शिक्षिका झाली. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत तिला गरिबांतील गरिबांची सेवा करण्याचे पाचारण झाले. त्यानंतरचे काही महिने प्रभूची जवळीक तिला अगदी उत्कटपणे जाणवत होती. १९४८ साली मठाचे संरक्षण सोडून निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत ती झोपडपट्टीत उतरली. ७ ऑक्टोबर १९५० रोजी मिशनरीज ऑफ चॅरिटी या संघाला मान्यता मिळाली. १९५२ साली कालीघाट येथे मरणोन्मुख माणसांसाठी निर्मल हृदय सुरू झाले. देवाने जे सांगितले ते तिने केले. आता तिला देवाचे सान्निध्य भरभरून लाभले असेल, असे आपल्याला वाटेल.

घडले ते उलटेच. काम सुरू झाले आणि तिच्या अंतःकरणात अंधार पसरला. प्रार्थनेत काही जाणवेना. देव आपल्याला नकोशी झालेली वस्तू समजतो की काय, अशी वेदना तिला होऊ लागली. हे तिने फक्त महागुरुस्वामी पेरिये यांना आणि आपल्या मोजक्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना पत्रांतून कळवले. १९५८ साली पोप बारावे पायस यांच्या निधनानंतर झालेल्या मिस्साच्या वेळी तिने देवाकडे एक खूण मागितली. तो अंधार काही आठवडे सरला आणि पुन्हा परतला. तो जवळजवळ अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे पन्नास वर्षे राहिला. १९७९ साली नोबेल शांतता पारितोषिक स्वीकारताना जगाने तिचे हास्य पाहिले. त्या हास्यामागे काय होते, हे तिच्यासोबत राहणाऱ्या भगिनींनाही माहीत नव्हते. आपली पत्रे नष्ट करावीत अशी तिची इच्छा होती. ती जपली गेली आणि तिच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

ती पत्रे वाचून काही जण म्हणाले की, बघा, मदर तेरेसांचाही विश्वास उडाला होता. केवळ नाव झाले म्हणून त्या मागे फिरू शकल्या नाहीत. हा आक्षेपही आपण नीट तपासू. नाव होण्याच्या कितीतरी आधी, कुणी ओळखत नव्हते तेव्हाच, हा अंधार सुरू झाला होता. शिवाय विश्वास उडालेला माणूस हळूहळू प्रार्थना कमी करतो. येथे मात्र १९७३ पासून त्यांच्या संघात दररोज एक तास पवित्र साक्रामेंताची आराधना सुरू झाली. १९६१ साली फादर जोसेफ नॉयनर या येशूसंघीय धर्मगुरूंशी बोलल्यावर मदरना उमगले की, हा अंधार म्हणजे येशूच्या क्रूसावरील वेदनेतला आपला छोटासा वाटा आहे. पुढे तर आपण या अंधारावर प्रेम करू लागलो आहोत, असे त्यांनी कळवले. ज्या येशूने क्रूसावर बावीसाव्या स्तोत्राच्या शब्दांत टाहो फोडला, त्याच्या शेजारी त्या उभ्या होत्या.

बंधुभगिनींनो, यावरून देवाचे अस्तित्व गणितासारखे सिद्ध होते असे मी म्हणणार नाही. पण एवढे नक्की म्हणता येईल की, श्रद्धा म्हणजे केवळ दिलाशाची भूक, हे स्पष्टीकरण अपुरे पडते. ज्या देवाला आपण स्वतःच्या सोयीसाठी बनवू, तो आपल्याला कुष्ठरोग्याच्या जखमा धुवायला पाठवणार नाही. तो शत्रूला क्षमा करायला सांगणार नाही. भावाशी बांधावरून चाललेले भांडण मिटवल्याशिवाय वेदीकडे येऊ नकोस, असे तो बजावणार नाही. घरी बनवलेला देव नेहमी आपल्या बाजूने बोलतो. प्रभू येशू पुष्कळदा आपल्या विरुद्ध बोलतो.

मग माणूस विश्वास का ठेवतो? ख्रिस्तसभेचे उत्तर १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या सुरुवातीलाच आहे. देवाची ओढ माणसाच्या हृदयातच लिहिलेली आहे, कारण माणूस देवाकडून आणि देवासाठी निर्माण झाला आहे, असे तो ग्रंथ शिकवतो. म्हणजे ही ओढ आपली असली तरी सुरुवात देवाची आहे. त्याने आधी हाक मारली आहे. त्या हाकेला ओ देणे म्हणजे श्रद्धा. ओ देताना कधी मन भरून येते, कधी मन कोरडे असते. दोन्ही वेळा ती ओच असते.

आपल्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत. पतीची स्मरणशक्ती गेली आहे, तो पत्नीला ओळखत नाही. ती त्याला भरवते, न्हाऊ घालते, त्याच्या उशाशी बसून रोझरी म्हणते. त्याच्याकडून तिला आता काय मिळते? एक शब्दही नाही. तिचे प्रेम संपले असे आपण म्हणतो का? आपण म्हणतो, हेच खरे प्रेम. मग देवावरील प्रेमाला आपण वेगळे माप का लावावे?

म्हणून ज्यांना मिस्सामध्ये काही जाणवत नाही, रोझरीचे मणी नुसते बोटांखालून सरकतात, नोव्हेना करूनही नोकरी लागली नाही, त्या सर्वांना मला सांगायचे आहे : तुमची श्रद्धा मेली असे समजू नका. तुम्ही येत आहात, हीच तुमची श्रद्धा आहे. मात्र मनाच्या उदासीपायी झोप आणि भूक उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा; त्यात श्रद्धेचा कमीपणा नाही. आणि मनातला अंधार मदरप्रमाणे कुणाजवळ तरी उघडा करा. धर्मगुरूंचे दार त्यासाठीच आहे.

या आठवड्यात प्रत्येकाने दोन गोष्टी कराव्यात. एके दिवशी दहा मिनिटे शांत बसून स्वतःला विचारावे : भाकरी मिळाली नाही, तरी मी येशूजवळ थांबेन का? आणि आपल्या वाडीतील एका अंथरुणाला खिळलेल्या माणसाला भेटावे. काही मागायला किंवा उपदेश करायला नव्हे, नुसते त्याच्याजवळ बसायला. घरातला तरुण प्रश्न विचारत असेल, तर त्यालाही सोबत न्यावे. मदर तेरेसांना जो प्रभू प्रार्थनेत जाणवत नव्हता, त्याची सेवा त्या कालीघाटच्या खाटांवर रोज करत होत्या.

हे प्रभो, तुझ्या देणग्यांसाठी आम्ही तुझ्याकडे आलो. आता तुझ्यासाठी आम्हाला थांबायला शिकव. आमचे मन कोरडे असेल तेव्हा आमचे हात कामात ठेव, आणि आमचे पाय तुझ्या घराकडे वळव. आमेन.