दोघांचेही खरे

भांडणात एकाची बाजू खरी आणि दुसऱ्याची खोटी असली, तर न्याय करणे फारसे अवघड नसते. खरा पेच पडतो तो दोघांचेही म्हणणे खरे असते तेव्हा. हा पेच मला अगदी स्वच्छ दिसला तो एका रुक्ष ठिकाणी, माझ्या टेबलावरच्या संगणकात. त्यावर लिनक्स आहे. आणि लिनक्स वापरणाऱ्याला केव्हा ना केव्हा एक संदेश वाचावाच लागतो : अमुक प्रोग्रॅमला तमुक पॅकेजाची ही आवृत्ती हवी, पण मिळते आहे ती दुसरीच. सबब काम थांबले आहे.

हा प्रकार काय, ते आधी सांगतो. कोणताही प्रोग्रॅम सारी कामे स्वतः करीत नाही. मजकूर गुप्त लिपीत घालणे, चित्र उलगडणे, फाईल आवळून लहान करणे, अशी नेहमीची कामे सामायिक संचांत लिहून ठेवलेली असतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. वाड्यात पाटा-वरवंटा एकच आणि त्यावर साऱ्या बिऱ्हाडांचे वाटण, तशातली ही व्यवस्था. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेल्या डेबियनमध्ये, आणि तिच्यापासून निघालेल्या उबंटूमध्ये, प्रत्येक पॅकेज आपल्याबरोबर जणू एक चिठ्ठी आणते : मला कोण हवे, कितव्या आवृत्तीचे हवे, आणि कोणाशी माझे पटत नाही. एपीटी नावाचा कारभारी या चिठ्ठ्या वाचून सर्वांचे जमेल अशी मांडणी शोधतो. हजारो पॅकेजांच्या अटी एकाच वेळी पाळणे हा प्रश्न गणिती दृष्ट्या अत्यंत कठीण जातीचा आहे, असे सिद्ध झाले आहे. मोठे घर चालवणाऱ्या कोणाही गृहिणीला त्याची सिद्धता लागणार नाही!

आता समजा, जुना प्रोग्रॅम म्हणतो, ‘मला पहिलीच आवृत्ती हवी’. नवा म्हणतो, ‘मला दुसरी किंवा तिच्यापुढची.’ जुना खोटे बोलत नाही. त्याच्या कर्त्याने तो पहिल्या आवृत्तीवरच पारखून घेतलेला असतो. नवाही हट्टी नाही. त्याला हवी असलेली सोय पहिलीत नसतेच. अशा वेळी घरधन्याने काय करावे?

एक वाट बळजबरीची. कारभाऱ्याला गप्प बसवून हवे ते बसवता येते. संदेश नाहीसा होतो. कारण मात्र जागच्या जागी राहते. २०२१ साली एक नामवंत चित्रफीतकार पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हा खेळांचा प्रोग्रॅम बसवीत होता. पॅकेजांच्या मांडणीतच दोष होता. एपीटीने बजावले, की यात अत्यावश्यक पॅकेजे काढली जातील. आणि ‘होय, मी सांगतो तसेच कर’ अशा अर्थाचे पूर्ण वाक्य टाइप करायला लावले. त्याने ते केले, आणि खिडक्या-चित्रांचा सारा पडदाच नाहीसा झाला. मला नवल वाटते ते त्या वाक्याचे. घरात दुसऱ्याचे म्हणणे आपण डावलतो, तेव्हा असे वाक्य आपल्याकडून कोणी लिहून घेत नाही.

दुसरी वाट वेगळ्या चुलीची. स्नॅप, फ्लॅटपॅक, किंवा २०१३ साली पुढे आलेले डॉकर यांत प्रत्येक प्रोग्रॅम आपले सामान आपल्याबरोबर बांधून आणतो. भांडण मिटते. पण २०१४ साली काय झाले ते आठवावे. ओपनएसएसएल या लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ नावाचे भगदाड सापडले. जिथे लायब्ररी सामायिक होती, तिथे ती एक दुरुस्त करून तिच्यावर विसंबलेल्या सेवा पुन्हा सुरू केल्या, की काम झाले. ज्यांनी आपापली सदोष प्रत जवळ बाळगली होती, त्यांच्यातल्या प्रत्येकाची प्रत वेगळी दुरुस्त करावी लागली. वेगळे राहणाऱ्याला शांतता मिळते. पण गळणारे छप्पर त्याचे त्यालाच शाकारावे लागते.

तिसरी वाट मधली. त्याच ओपनएसएसएलची गोष्ट. एप्रिल २०२२ मधल्या उबंटूमध्ये तिची तिसरी आवृत्ती आली आणि जुनी १.१ निघून गेली. जुन्या प्रोग्रॅमांचे अडले. कित्येकांनी आधीच्या उबंटूतले जुने पॅकेज आणून बसवले. दोन्ही पिढ्यांची नावे निराळी ठेवलेली असल्यामुळे त्या एका घरात सुखाने नांदल्या. पण सप्टेंबर २०२३ मध्ये कर्त्यांनी जुनीची सर्वसाधारण देखभाल थांबवली. भांडण कुठेच नव्हते, आणि तरीही घरात एक म्हातारे माणूस होते, ज्याच्या औषधपाण्याची चौकशी करायला कोणी उरले नव्हते.

म्हणून मला वाटते, एकत्र राहावे की वेगळे, हा प्रश्न आपण उगाच मोठा केला आहे. खरा प्रश्न, जे ठेवून घेतले त्याची काळजी कोण वाहणार, हा आहे. जुनी आवृत्ती हवी असेल तर जरूर ठेवावी. पण ‘ठेवा’ म्हणणाऱ्यानेच तिच्यावर लक्ष ठेवण्याचा भार उचलावा. ते जमत नसेल, तर जुन्या प्रोग्रॅमलाच नव्याशी जुळवून घ्यायला लावावे, किंवा त्याला सन्मानाने निरोप द्यावा.

दोन्ही पक्षांचीही काही कर्तव्ये आहेत. मागणाऱ्याने गरजेपुरतेच मागावे. ‘पहिली किंवा तिच्यापुढची कोणतीही’ चालत असताना ‘पहिलीच’ असे लिहिणे म्हणजे आपल्या सवयीला गरजेचे नाव देणे होय. पुष्कळ तंटे तिथेच जन्मतात. आणि ज्याच्यावर इतर विसंबले आहेत, त्याने बदलावे, पण सांगून बदलावे. आवृत्तीचा पहिला आकडा वाढला, की जुना करार मोडला असे समजावे, असा संकेत पुष्कळ कर्ते पाळतात. करार मोडणे हे नेहमीच पाप नसते. आकडा तोच ठेवून तो मोडणे हे मात्र विसंबलेल्याला फसवणे आहे.

दिवाळीला घरे भरतात. एकाला जुन्या पद्धतीचेच अभ्यंगस्नान हवे असते, दुसऱ्याला उशिरापर्यंत झोप. आणि दोघांचेही खरे असते. अशा वेळी जिंकला कोण हे पाहण्यापेक्षा, पहाटे उठून पाणी तापवणार कोण, एवढे आधी ठरवावे. पुष्कळशा अटी त्यानंतर आपोआप सैल होतात.